देवपूरच्या आग्रा रोडवरची दुकानं पाडण्याआधी बसथांब्याचं ठरवा

प्रति,
मा. आयुक्त, धुळे महानगरपालिका,
मा. विभाग नियंत्रक, राज्य परिवहन, धुळे विभाग,
आणि जुन्या आग्रा रोडवरचे माझे सगळे दुकानदार बंधू-भगिनी,

स. न. वि. वि.

देवपुरात जुन्या आग्रा रोडवर माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वडिलांनी भाड्याच्या गाळ्यात सुरू केलं, आता मी चालवतो. आमच्या रांगेत कापडवाले आहेत, मेडिकल आहे, भांडीवाले, मोबाईल दुरुस्तीवाले, टेलर आणि एक जुनं हॉटेल आहे. हा सगळा पट्टा आता थकला आहे. सज्जाच्या सळया उघड्या पडल्यात, जिन्याच्या पायऱ्या झिजून गोल झाल्यात, आणि वायरींचा गुंता बघून पावसाळ्यात शटर उचलताना भीती वाटते. रस्त्यावर दर वेळी जुन्याच डांबरावर नवा थर चढत गेला, त्यामुळे एके काळी रस्त्यापेक्षा उंच असलेले गाळे आता रस्त्याच्या खाली गेलेत. जोराचा पाऊस आला की आम्ही आधी खालच्या कप्प्यातल्या वह्या वर उचलतो आणि मग गिऱ्हाइकाकडे बघतो.

तेव्हा हे कधीतरी पाडावं लागणार, नवं बांधावं लागणार, याला माझा विरोध नाही. उलट आणखी दहा वर्षं असंच रेटत नेलं तर एखादा सज्जा कुणाच्या तरी डोक्यावर येईल. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. पुनर्विकास म्हटला की आपल्याकडे आधी इमारतीचं चित्र रंगवलं जातं, मग पार्किंग मोजलं जातं, आणि बस कुठे थांबणार हा प्रश्न सगळं बांधून झाल्यावर एखाद्या वाहतूक हवालदाराच्या अंगावर पडतो. देवपुरात असं झालं तर नवी इमारत चकचकीत होईल आणि बाजार मात्र उठून जाईल. म्हणून विनंती एवढीच आहे की या पट्ट्याचा आराखडा कराल तेव्हा पहिली रेघ बसथांब्याची ओढा. बाकीचं त्याच्या मागून येऊ द्या.

असं का म्हणतो, ते सविस्तर सांगतो.

पांझरा नदीच्या दक्षिण काठावरचं धुळं आखून वसवलेलं आहे. 1818 मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचं मुख्य ठिकाण केलं, सरळ रेषेत पेठ आखली आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना बोलावून जागा दिल्या. नंबरांच्या गल्ल्या आजही त्याची साक्ष देतात. नदीच्या अलीकडच्या आमच्या देवपूरचा बाजार मात्र कुणी आखून दिलेला नाही. आग्रा रोडवरून गाड्या जायच्या, शिरपूर, नरडाणा, सोनगीर, कापडणे, देवभाने, नगाव इकडची माणसं देवपुरात उतरायची, आणि जिथे माणूस उतरतो तिथे आधी चहाची टपरी लागते, मग पानाची, मग किराणा, मग कापड. पुढे जयहिंद, एसएसव्हीपीएस अशा शिक्षणसंस्थांमुळे पोरंपोरी यायला लागली, आणि वह्या, झेरॉक्स, फॉर्म भरून देणं हे धंदे आले. म्हणजे आमच्याकडे रस्ता आणि थांबा आधी आला, दुकानं नंतर.

मग महामार्ग शहराबाहेरून वळला. मुंबई-इंदूरचे ट्रक आणि लांब पल्ल्याच्या गाड्या बाहेरून जाऊ लागल्या. त्यात चांगलंही झालं, कारण शाळेच्या पोरांना हा रस्ता ओलांडणं पूर्वी जिवावरचं होतं. पण ज्या ढाब्यांचा, टायरवाल्यांचा, हॉटेलवाल्यांचा धंदा त्या गाड्यांवर होता, ते गेले. राहिले ते एसटीने येणाऱ्या गिऱ्हाइकावर जगणारे. मी त्यांतलाच.

कृपा करून कुणीतरी अधिकाऱ्याने कॉलेजच्या दिवसांत सकाळी सात ते साडेआठ आमच्या रांगेसमोर उभं राहावं. मोजणीचं मशीन नको, नुसतं बघावं. शिरपूरकडून गाडी येते. थांब्याच्या जागेवर रिक्षा लागलेल्या असतात, त्यांच्यामागे दुकानांसमोरच्या मोटारसायकली. ड्रायव्हरला कडेला घ्यायला जागाच नसते, म्हणून तो रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करतो. मागून हॉर्न सुरू होतात. कंडक्टर दारात उभा राहून घाई करतो. पोरी पाठीवरच्या बॅगा सावरत उड्या मारून उतरतात, डाव्या बाजूने घुसलेल्या मोटारसायकलींना चुकवत कडेला येतात. पोरींचं एक वेळ निभतं. पण त्यांच्यामागे एखादी आजी असते, हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा धरलेला. खालची पायरी आणि जमीन यांत इतकं अंतर असतं की तिचा पाय पोचत नाही. ती अंदाज घेते, परत वर ओढते, पुन्हा सोडते. कुणी हात देतं. खाली आल्यावर ती आधी पदर नीट करते, मग आजूबाजूला बघते आणि आमच्या दुकानाच्या पायरीशी येऊन विचारते, "भो, परतनी गाडी आठे थांबस का तठे?" म्हणजे परतीची गाडी इथे थांबते की तिथे?

या प्रश्नाचं खरं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नाही. जाताना गाडी समोरच्या बाजूला थांबते, कधी चौकाच्या अलीकडे, कधी पलीकडे, रिक्षा कुठे लागल्यात त्यावर ते ठरतं. आजी रस्ता ओलांडून तिकडे उभी राहते. गाडी पुढे जाऊन थांबली तर पिशवी घेऊन पळते.

हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. यात गिऱ्हाइकीचा सरळ हिशोब आहे. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत झाली. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी घरातून बाजाराला एकटा पुरुष मोटारसायकलवर यायचा आणि सांगितलेलं घेऊन जायचा. आता बायका स्वतः येतात. दोघी-तिघी मिळून येतात. ब्लाऊजपीस स्वतः निवडतात, पोराच्या वहीचा कागद बोटांत धरून बघतात, भांड्याला टिचकी मारून मग भाव विचारतात. आमच्या रांगेतला कुठलाही दुकानदार सांगेल की पडत्या बाजारात आम्हाला सावरलं ते या गिऱ्हाइकाने. तिच्याकडे गाडी नाही. तिला तळघरातल्या पार्किंगचा काडीचा उपयोग नाही. तिला लागतात चार गोष्टी: गाडीतून नीट उतरता यावं, दुकानापर्यंत सावलीतून चालता यावं, मध्ये स्वच्छतागृह असावं, आणि परतीची गाडी नक्की कुठे मिळेल ते कळावं.

त्यातली स्वच्छतागृहाची गोष्ट मला मुद्दाम पुढे आणायची आहे, कारण बैठकांमध्ये ती कुणी मोठ्याने बोलत नाही. खेड्यातून सकाळी निघालेली बाई दुपारपर्यंत पाणी पीत नाही. आमच्या दुकानात मी ग्लास पुढे केला तरी "नको दादा" म्हणते. एप्रिल-मे मध्ये खान्देशचं ऊन काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. अशा उन्हात पाणी न पिता ती चार दुकानं फिरते आणि पाचव्यात जायच्या आधी घरचा रस्ता धरते. कॉलेजच्या पोरींचं तेच. काही जणी ओळखीच्या दुकानात येऊन हळूच विचारतात, आणि जुन्या गाळ्यात आमच्याकडेही सोय नसते. नव्या बांधकामात तळमजल्यावर, थांब्याच्या जवळ, रस्त्यावरून दिसेल असं महिलांचं स्वच्छतागृह पाहिजे. मागच्या बोळात नको, जिन्याखाली नको, चावी वॉचमनकडे नको. पाणी, दिवा, आतून लागणारी कडी, आणि झाडलोट करणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार हे करारातच लिहिलेलं. हे शेवटचं लिहिलं नाही तर उद्घाटनानंतर सहा महिन्यांत तिथे कुलूप दिसेल.

आता थांब्याबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सोयींच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये फूटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, बाजाराच्या भागात 2.5 मीटर, आणि कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आमच्याकडे हे आकडे फार कामाचे आहेत. फूटपाथ तेवढा उंच असेल आणि गाडी त्याच्या कडेला लागून थांबली, तर आजीची पायरी अर्ध्या फुटाने खाली येते. एवढ्यानेच तिचा पाय जमिनीला पोचतो. त्यासाठी गाडीला कडेला लागायला सरळ, मोकळी जागा हवी, म्हणजे थांब्याच्या पुढे-मागे रिक्षा आणि मोटारसायकली लागणार नाहीत अशी रस्त्याचीच रचना हवी. नुसता 'नो पार्किंग'चा बोर्ड लावून हे होत नाही, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. इमारत मागे सरकवताना जी जागा मोकळी होईल ती गाड्या लावायला देऊ नका, थांब्याला आणि फूटपाथला द्या.

निवाऱ्याचं छतही विचार करून घाला. पत्र्याखाली दुपारी उभं राहता येत नाही, लोक निवारा सोडून समोरच्या दुकानाच्या सावलीत उभे राहतात आणि गाडी आली की पळतात. या रस्त्याच्या कडेला जे कडुनिंब शिल्लक आहेत त्यांची नोंद आराखड्यात झाडागणिक व्हावी. शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, परवानगीशिवाय तोड चालत नाही, पण बांधकामात झाड 'आपोआप' वाळतं हेही आपण जाणतो. एक मोठा कडुनिंब जितक्या माणसांना सावली देतो तितकी कुठलाही निवारा देत नाही. थांबा झाडाजवळ आणा.

आणि जातानाचा थांबा, येतानाचा थांबा समोरासमोर असू द्या. मध्ये रस्ता ओलांडायला जमिनीच्या पातळीवरच जागा करा, जरा उंचवटा करून, म्हणजे गाड्या हळू होतील. पादचारी पूल नको. आजी तो जिना चढणार नाही, आणि खरं सांगायचं तर मीही चढणार नाही.

माझे दुकानदार बंधू यावर लगेच म्हणतील की गाडी लावायला जागा नसेल तर शहरातलं गिऱ्हाईक येणार नाही. त्यांच्या काळजीत तथ्य आहे. मोटारीतून येणारा माणूस एका वेळी जास्त खरेदी करतो, हे मला मान्य. पार्किंग असावंच, इमारतीच्या मागच्या बाजूने आत शिरणारं असावं. पण दुकानासमोर सकाळपासून रात्रीपर्यंत ज्या मोटारसायकली उभ्या असतात त्या कोणाच्या असतात, ते आपण एकमेकांत तरी स्पष्ट बोलू या. त्या दुकानदारांच्या आणि नोकरांच्या असतात. गिऱ्हाइकाच्या जागेवर आपल्याच गाड्या लागतात. नव्या रचनेत दुकानदारांसाठी मागे वेगळी जागा राखली, तर समोरची अर्धी गर्दी त्याच दिवशी कमी होईल. फलक, पायरी आणि पुढे काढलेला ओटाही आपणच आत घ्यायला हवा. प्रशासनाकडे फूटपाथ मागायचा आणि तो मिळाल्यावर त्यावर बरण्या मांडायच्या, हे चालणार नाही.

रिक्षावाल्यांना मात्र शत्रू ठरवू नका. देवपुरातून रेल्वे स्टेशनला जायचं तर रिक्षाच आहे. मध्यवर्ती बसस्थानकाला, सिव्हिलला, कोर्टात जायला बहुतेक माणसं शेअर रिक्षाच धरतात. ते थांब्यावर लागतात कारण गिऱ्हाईक तिथे उतरतं. त्यांना चाळीस-पन्नास पावलांवर, थांब्यावरून दिसेल अशी रांगेची जागा आखून दिली तर भांडण मिटतं. पोलिसांनी रोज हाकलायचं आणि त्यांनी रोज परत यायचं, यात दोघांचा वेळ जातो.

तीच गोष्ट हातगाड्यांची. पेरूवाला, भाजीवाली, पाणीपुरीवाला हे या बाजाराचा भाग आहेत. गाडीची वाट बघणारी बाई जाता जाता मेथीची जुडी घेते. 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती आहे आणि समितीत पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी असायला हवेत असं लिहिलं आहे. नकाशा काढताना त्या समितीला बोलवा. हातगाड्यांना थांब्याजवळ आखीव पट्टा, तिथेच नळ, तिथेच कचऱ्याचा डबा. इमारत झाल्यावर त्यांना 'अतिक्रमण' म्हणून उचलण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

आता इमारतीबद्दल बोलतो, कारण पोटाचा प्रश्न तिथे आहे. आमच्या रांगेत सगळे सारखे नाहीत. काहींची जागा स्वतःची, काही खासगी मालकाचे भाडेकरू, काही गाळे सार्वजनिक मालकीचे. खासगी जागेतल्या भाडेकरूला 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. सार्वजनिक गाळ्यांचं तसं नाही, तिथे भाडेपट्ट्याची मुदत आणि नूतनीकरणाचा दर यावर सगळं लटकतं. शेजारच्या जळगावचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. तिथल्या महापालिका संकुलांमधल्या गाळ्यांच्या कराराची मुदत 2012 मध्ये संपली, आणि थकबाकी, दंड, दर, लिलाव, कोर्ट या फेऱ्यात एक तपाहून जास्त काळ गेला. त्यात गाळेधारकांचे हाल झाले आणि पालिकेचं उत्पन्नही अडकलं. देवपुरात एकही वीट काढण्याआधी प्रत्येक दुकानदाराच्या हातात लेखी कागद हवा: नव्या इमारतीत त्याचा गाळा कोणत्या मजल्यावर, किती चौरस फुटांचा, कोणत्या दराने, किती वर्षांसाठी.

मजल्याचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. आपल्या भागात बांधलेल्या व्यापारी संकुलांत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचे गाळे वर्षानुवर्षं बंद राहतात, हे कुणीही फिरून बघावं. तळमजला भरतो, वर शटर. कारण बसमधून उतरलेलं गिऱ्हाईक जिना चढत नाही. तळमजल्याचे गाळे बाहेरच्या मोठ्या ब्रँडला विकून जुन्या दुकानदाराला वर ढकललं, तर त्याला हाकललं असंच समजा, फक्त कागदावर तसं दिसणार नाही. टेलर, झेरॉक्स, मोबाईल दुरुस्ती, भांडी यांना खालीच जागा द्या, गाळा छोटा असला तरी चालेल. वर क्लासेस, दवाखाने, वकिलांची ऑफिसं, अभ्यासिका जाऊ द्या. तिथे माणूस ठरवून जातो, त्याला जिन्याचं काही वाटत नाही. लिफ्ट मात्र पाहिजेच, आणि रस्त्यापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी नको. दिव्यांगांसाठी 2016 चा कायदा आहे, तो पाळायचाच आहे. तो पाळला की आजीचंही काम होतं.

जोत्याची उंची रस्त्याच्या आजच्या पातळीवरून ठरवू नका, आणि पुढे डांबरीकरण करताना जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकणार नाही, असं लेखी घ्या. हे केलं नाही तर माझ्या मुलालाही वह्या वर उचलाव्या लागतील.

बांधकामाचे दिवस कसे काढायचे हा आणखी एक प्रश्न. भुयारी गटारीच्या कामात देवपूरच्या रस्त्यांचे जे हाल झाले ते लोक अजून विसरलेले नाहीत. तेव्हा काही दुकानदारांचा धंदा कायमचा मोडला, कारण गिऱ्हाइकाने एकदा दुसरी वाट धरली की ते सहजी परत फिरत नाही. म्हणून हा पट्टा एका वेळी सगळा पाडू नका. एका टोकापासून तुकड्या-तुकड्याने करा. ज्यांचं पाडाल त्यांना थांब्याजवळच तात्पुरते गाळे द्या, गावाबाहेर नको. जून-जुलैत प्रवेशाचे दिवस, दिवाळीचा महिना, आणि चैत्रात एकवीरा देवीच्या यात्रेचे दिवस यांत रस्ता खोदू नका. या तीन हंगामांवर आमचं वर्ष निघतं.

विभाग नियंत्रक साहेब, तुमच्याकडे वेगळी विनंती आहे. एसटीच्या जागा खासगी भागीदारीतून विकसित करायचं धोरण सरकारचं आहे. देवपूर बसस्थानकाच्या जागेचा विचार कधी त्या नजरेने झाला, तर गाड्या आत येण्याची, वळण्याची आणि प्रवाशांनी बसण्याची जागा आज आहे त्यापेक्षा एक फूटही कमी होऊ देऊ नका. वर काय बांधायचं ते बांधा. आणि बसस्थानक व आमचा पट्टा हे दोन वेगवेगळे प्रकल्प म्हणून वेगवेगळ्या टेबलांवर ठेवू नका. माणूस एकच आहे, तो तिथे उतरून इथे येतो. उत्तरेकडून येणाऱ्या प्रत्येक साध्या गाडीला देवपूरचा थांबा सक्तीचा असावा आणि थांब्यावर वेळापत्रक मराठीत, मोठ्या अक्षरांत, आजीच्या डोळ्यांना दिसेल एवढ्या उंचीवर असावं. संध्याकाळी शेवटची गाडी किती वाजता, एवढं जरी खात्रीने कळलं तरी बायका बाजारात एक तास जास्त थांबतील.

आयुक्त साहेब, शहर बसचा विषयही इथेच येतो. 2011 च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या 3,75,559 होती, आणि त्यानंतर हद्दवाढ होऊन आजूबाजूची गावंही शहरात आली. केंद्राची पीएम-ई बस सेवा योजना 2023 मध्ये आली ती 3 लाखांवरच्या शहरांसाठी. ती योजना असो की दुसरा मार्ग, नगावबारीपासून देवपूर, पांझरेचा पूल, मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन असा एकच सरळ मार्ग आधी सुरू करा. दहा मार्ग कागदावर नकोत. दर पंधरा मिनिटांनी नक्की येणारी एक गाडी द्या, लोक तिच्यावर विश्वास ठेवतील. नदीवरच्या पुलावर रोज जी कोंडी होते त्यात किती मोटारसायकली एकेकट्या माणसाच्या असतात, ते बघितलं की हे पटेल.

रेल्वेचं चित्रही बदलतंय. चाळीसगाव-धुळे मार्ग 1900 सालचा, आणि धुळे तेव्हापासून शेवटचं स्टेशन. आता मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली आहे, खर्च 18,036 कोटी रुपये. बोरविहीर ते नरडाणा हा त्यातलाच टप्पा. या मार्गावरच्या गाड्या नरडाण्याला थांबायला लागल्या की शिंदखेडा-शिरपूरकडच्या लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटा बदलतील. काही थेट रेल्वेने पुढे निघून जातील, काही नव्याने धुळ्याकडे येतील. देवपूरचा थांबा नीट असेल, स्टेशनची बस तिथून सुटत असेल, तर ही माणसं आमच्या रांगेसमोरून जातील. नसेल तर बाहेरच्या बाहेर जातील. रेल्वे आल्यानंतर विचार करू म्हटलं तर उशीर होईल, कारण इमारत एकदा उभी राहिली की पन्नास वर्षं हलत नाही.

एवढं सगळं लिहिल्यावर मागणी थोडक्यात मांडतो. येत्या महिन्याभरात एक बैठक बोलवा. ती सभागृहात नको, आमच्या रस्त्यावर घ्या, सकाळी साडेसात वाजता, कॉलेजच्या दिवशी. महापालिकेचे नगररचना आणि बांधकाम विभागाचे अधिकारी, एसटीचे अधिकारी, वाहतूक पोलीस, रिक्षा संघटना, पथविक्रेते, दुकानदार आणि रोज येणाऱ्या चार प्रवासी बायका, एवढे लोक पुरेत. खडू घेऊन या. थांबा कुठून कुठपर्यंत, रिक्षा कुठे, हातगाड्या कुठे, ओलांडायची जागा कुठे, हे रस्त्यावरच आखू. मग महिनाभर दोरी आणि ड्रम लावून ते चालवून बघू. काय चुकतंय ते कळेल, खर्चही फार येणार नाही. जे जमलं ते आराखड्यात पक्कं करा आणि त्यानंतरच इमारतीचा नकाशा मागवा.

बैठकीची जबाबदारी घ्यायला मी तयार आहे. चहा समोरच्या हॉटेलातून येईल, सतरंजी माझ्या दुकानातून. रांगेतल्या दुकानदारांनी त्या दिवशी आपापल्या गाड्या मागच्या गल्लीत लावाव्यात, हे मी प्रत्येकाकडे जाऊन सांगेन. तारीख आपण कळवा.

आपला,
देवपूर, जुन्या आग्रा रोडवरचा एक दुकानदार